नऊ फूट

हॅरलन्स फेरी गावात कोर्टाच्या मागे
पोहण्याचा तलाव होता.
काठावर निळ्या रंगात आकडे: तीन, पाच, नऊ फूट.
पाच आणि नऊच्या मध्ये एक दोरी,
तिच्या पलीकडे जायचं नाही, अशी मला तंबी.

दर सोमवारी तलाव रिकामा करून
ओबेड तो घासायचा,
गुडघ्यांवर बसून, फरशी न् फरशी.
केस पिकलेले त्याचे, आणि मी आठ वर्षांची
त्याला खुशाल अरे-तुरे करायचे.
तो मला म्हणायचा, 'मिस लोरीन'.

कपड्यांच्या टोपलीची पितळी पिन, एक्केचाळीस नंबरची,
माझ्याकडून पाण्यात पडली.
मंगळवारी त्याने ती फाटकाच्या गजांतून दिली,
घासूनपुसून, लखलखीत.
'तू पोहतोस का रे रात्री, कुणी नसताना?'
'मला पोहता येत नाही, मिस लोरीन.
शिकायचं कुठे?'
तो हसला, म्हणून मीही हसले.

त्या जूनमध्ये वरच्या कोर्टाचा कागद आला:
तलाव सगळ्यांना खुला.
कौन्सिलची बैठक अकरा मिनिटं चालली.
बुजवायचा, असं ठरलं.
सिमेंटचा मिक्सर गावात एकच,
माझ्या डॅडींचा.

डॅडी म्हणजे
दुकानदाराने दोन सेंट जास्त दिले
तर भर उन्हात मैलभर मागे जाऊन परत करणारा माणूस.
मी एकदा खोटं बोलले म्हणून
रात्रभर पोर्चच्या पायरीवर बसवलं होतं मला,
आणि स्वतःही शेजारी बसून राहिले,
डास मारत.

जेवताना मी विचारलं,
'ते उतरले तर पाणी बाटतं का?'
कुणी बोललं नाही.
'पण आपण पोहतो ते पाणी ओबेडनेच भरलेलं असतं ना?
मग ते कधी बाटतं?
सोमवारी का नाही?'
आईने तळलेल्या भेंडीचा वाडगा माझ्याकडे सरकवला.
डॅडींचा काटा ताटात
एक मटार हुडकत राहिला.
'मोठी झालीस की कळेल.'

शनिवारी सात ट्रक खडी. मग सिमेंट.
शेवटचा थर ओला असताना
गावातल्या मुलांना बोलावलं, पंजे उमटवायला.
लिंबाचं सरबत होतं.
मी गेले. मला मजा आली, हे लिहायलाच हवं,
नाहीतर पुन्हा पायरीवर बसावं लागेल.
गार, दाट,
बोटांच्या फटींतून वर येणारं ते सिमेंट!
मी दोन्ही हात दाबले.

मान वर केली, तर कुंपणापलीकडे
ब्रश खांद्यावर टाकून
मिस्टर टॉलिव्हर उभे होते.
हो, आडनाव होतं त्यांना.
मला ते फार वर्षांनी कळलं,
पेपरातल्या चार ओळींच्या मृत्युवार्तेत.
ते माझ्या हातांकडे पाहत होते.
रागाने नाही.
मी एखादी फरशी असावी
आणि तिच्यावरचा डाग निघेल की नाही
याचा अंदाज घ्यावा, तसे.

डॅडी गेले तेव्हा गावी गेले होते.
कोर्टामागे भेगा पडल्यात, भेगांतून गवत.
पंजे शोधायचं धाडस झालं नाही.
काठावरचा नऊ मात्र अजून निळा.
त्याच्याजवळ उभी राहिले,
दफनाला घातलेल्या काळ्या बुटांत.

डॅडी चांगले होते.
मिक्सर त्यांचा होता.
या दोन वाक्यांच्या मध्ये काय लिहू,
'आणि' की 'पण',
अजून ठरत नाही.

खोल बाजूला
पहिल्यांदाच माझे पाय टेकले होते.